वाळ्याच्या ताटीपासून वातानुकूलनापर्यंत

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप घेऊन आपल्या चिटणीसबाई माझ्याकडे आल्या, तो दिवस नवतपातला होता. दुपारचे चार वाजले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. बाईंच्या पदराला हात लावला तर तव्यावरून काढल्यासारखा गरम! त्यांना माठातले पाणी दिले, कैरीचे पन्हे दिले, आणि मग आमचे बोलणे साहजिकच उन्हाळ्यावर आले. बोलता बोलता त्या म्हणाल्या, “यंदा वर्धापनाच्या वर्गणीतून सभागृहात दोन वातानुकूलन यंत्रे बसवावीत, असा विचार कार्यकारिणीत चालला आहे. तुमचे मत काय?” मी म्हटले, “मत सांगेन, पण ते एका वाक्यात मावणार नाही.” “मग ते स्मरणिकेतच लिहा,” असे म्हणून त्या उठल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी काही मोठी इतिहासकार नव्हे. तीस वर्षे शाळेत मुलींना इतिहास शिकविला, एवढाच माझा अधिकार. लढाया आणि तह शिकविताना मला नेहमी वाटे की, माणसाने आपले घर गार कसे ठेवले, त्याला त्यासाठी काय मोजावे लागले, हाही इतिहासच आहे. पण तो क्रमिक पुस्तकात येत नाही. तोच आज माझ्या परीने सांगते. त्यात भगिनींनी एका प्रश्नाकडे लक्ष द्यावे. गारवा कोणाच्या वाट्याला आला आणि त्याची किंमत कोणी दिली?

नागपूरचा उन्हाळा आपणा कोणाला नव्याने सांगायला नको. येथे पारा ४७ अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. ४५ अंश झाले तरी आपण ‘आज जरा तापले आहे’ एवढेच म्हणतो! माझे बालपण महालातल्या एका जुन्या वाड्यात गेले. १९६० नंतरची ती वर्षे. वाड्याच्या भिंती दीड हात जाडीच्या, मातीच्या. वर कौले, कौलांखाली माळा, आणि माळ्याखाली आम्ही. उन्हाने कौले तापत, पण मधल्या माळ्यातली हवा ती आंच खाली येऊ देत नसे. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी अशी नव्हतीच. वर एक लहानसा झरोका होता. मधोमध चौक होता. रात्री आभाळाखाली चौक निवे आणि पहाटेपर्यंत सारे घर गार होई. सकाळी आठ वाजले की आजी हुकूम सोडी, “लावा गं दारं!” मग संध्याकाळी सहापर्यंत दारे-खिडक्या बंद. घरात अंधार होई, पण तो गार अंधार होता. जमीन शेणाने सारवलेली. तिच्यावर नुसते पडले तरी पाठ थंड होई.

आता हे सगळे आठवून, ‘पूर्वी फुकटात गारवा मिळे’ असे आपण सहज म्हणून जातो. पैसा लागत नव्हता हे खरे. पण सकाळी दोन चौक आणि ओसरी सारवायची कोणी? विहिरीचे पाणी शेंदून रांजण, डेरे, माठ भरायचे कोणी? संध्याकाळी अंगणात सडा कोणी घालायचा? माझी आजी, आई आणि काकू. भर दुपारी सारे घर गार ओसरीवर लवंडलेले असे, तेव्हा या तिघी स्वयंपाकघरात चुलीपुढे असत. स्वयंपाकघर वाड्याच्या पश्चिम टोकाला, वर धुरांडे, आणि सारवलेल्या जमिनीचा सारा गारवा चुलीने गिळलेला! वाड्यातली सर्वांत तापलेली खोली बायकांची, ही गोष्ट मला तेव्हा दिसत होती. तिचा अर्थ फार उशिरा कळला.

श्रीमंतांच्या घरी वाळ्याच्या ताट्या असत. वाळा म्हणजे एका उंच गवताची सुवासिक मुळे. बांबूच्या चौकटीत ती दाबून बसवायची, दारा-खिडक्यांत ताटी उभी करायची आणि तिच्यावर पाणी मारीत राहायचे. बाहेरची झळ ओल्या मुळांतून आत येताना निवते आणि सुगंध घेऊन येते. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या अशा खोल्यांचा उल्लेख आहे, त्यावर पाणी शिंपडले की ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, अशा अर्थाचे वर्णन त्याने केले आहे आणि ही युक्ती अकबर बादशहाच्या नावावर मांडली आहे. बादशहाच्या पदरी इतिहास लिहिणाऱ्याने चांगली युक्ती बादशहाच्या नावावर मांडावी, यात नवल नाही! परंतु सोळाव्या शतकात ही रीत चांगली रुळलेली होती, एवढे त्यावरून नक्की दिसते.

यामागचे शास्त्र आपल्या रोजच्या माठातलेच आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतीची उष्णता ओढून घेते. एक लिटर पाणी असे उडून गेले की, विजेच्या मापाने मोजायचे तर युनिटच्या दोन-तृतीयांश इतकी उष्णता ते बरोबर नेते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी लवकर उडते. म्हणूनच वाळ्याची ताटी वैशाखातल्या विदर्भात जादू करते आणि मुंबई-कोकणात तिचा काही उपयोग होत नाही. आपल्याकडेसुद्धा मृगाचा पाऊस पडला की तिचे काम संपले.

ताटीवर पाणी मारायला मात्र माणूस लागे. इंग्रज साहेबांच्या बंगल्यात त्यासाठी भिस्ती असे, आणि छताला टांगलेला मोठा कापडी पंखा ओढण्यासाठी पंखेवाला असे. पंख्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात जाई. आत साहेब वाऱ्यावर बसे; बाहेर उकाड्यात पंखेवाला दोरी ओढीत बसे, कधी हाताने, कधी पायाच्या अंगठ्याला बांधून. आतल्या गारव्याची किंमत बाहेरचा माणूस देत होता, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. आणि मध्य प्रांताच्या सरकारला एवढ्यानेही भागेना. उन्हाळा आला की सरकार पचमढीच्या डोंगरावर जाई. राजधानी नागपूरला, राज्यकर्ते पचमढीला, आणि शहर आपले येथेच तापत राही.

याच काळात एक अजब व्यापार सुरू झाला, बर्फाचा. अमेरिकेत बोस्टनजवळ हिवाळ्यात तळी गोठतात. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने त्या बर्फाच्या लाद्या कापून परदेशी विकण्याचा धंदा काढला. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागले. दोनदा विषुववृत्त ओलांडून आलेल्या त्या जहाजात जवळजवळ १०० टन बर्फ शिल्लक होता! पुढे मुंबई आणि मद्रास येथेही बर्फघरे झाली. मद्रासचे बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तेथे राहिले होते, म्हणून ते आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

वर्गात ही गोष्ट सांगितली की मुली विचारीत, “बाई, बर्फ वितळला कसा नाही?” उत्तर सोपे आहे. जहाजात थंडी निर्माण करणारे कोणतेही यंत्र नव्हते. बर्फाच्या भोवती उष्णता आत शिरू नये असे जाड आच्छादन घातलेले होते, एवढेच. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो. गारवा तयार करण्याआधी ऊन बाहेर अडवा. आमच्या आजीचा “लावा गं दारं” हा हुकूम आणि ट्यूडरच्या जहाजाचे आच्छादन ही एकाच जातीची विद्या आहे.

त्या बर्फाची एक खूण अजून आपल्या घरात आहे. वातानुकूलन यंत्र घ्यायला गेले की दुकानदार विचारतो, ‘एक टनाचे की दीड टनाचे?’ कित्येकींना वाटते की हे यंत्राचे वजन. तसे नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर फेकण्याची यंत्राची ताकद, असा त्या ‘टना’चा अर्थ आहे. म्हणजे दीड टनाचे यंत्र दिवसभर चालविणे हे घरात दीड टन बर्फ आणून वितळविण्यासारखे आहे! एवढे ऐकले की बिल का येते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यंत्राने हवा बदलण्याची सुरुवात माणसाच्या सुखासाठी झाली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल आपल्या नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कोरड्या हवेत सुताचा धागा पटापट तुटतो, म्हणून हवा दमट ठेवण्याची यंत्रे त्या गिरणीत लवकरच बसविण्यात आली. पुढे १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर याने ज्या यंत्राची आखणी केली आणि ज्याला आजच्या वातानुकूलनाचा आरंभ मानतात, तेही न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागातल्या एका छापखान्यासाठी होते. दमट हवेत कागद फुगे आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसत नसे. धाग्याची काळजी आधी, कागदाची काळजी आधी. माणसाची पाळी त्यानंतर आली. मुंबईचे रीगल चित्रपटगृह १९३३ साली वातानुकूलित होऊन उघडले, तेव्हा चार घटका गारव्यात बसण्यासाठी लोक तिकीट काढू लागले. घरात हे यंत्र येण्याला मात्र आणखी कित्येक वर्षे लोटली, आणि घरात आले तेही बैठकीत नाही तर निजायच्या खोलीत. स्वयंपाकघरात ते आजही नाही.

मधल्या काळात विजेच्या पंख्याने घरोघर क्रांती केली. १८८२ च्या सुमारास अमेरिकेत तो निघाला. आमच्या वाड्यात तो मी शाळेत असताना आला. आजोबा रोज संध्याकाळी त्याच्याखाली बसत आणि खोलीतून बाहेर पडताना आठवणीने बटण बंद करीत. त्यांचे ते करणे शास्त्राला धरून होते, हे मी पुढे शिकले. पंखा खोली गार करीत नाही. अंगावरचा घाम उडवून अंग गार करतो. रिकाम्या खोलीतला पंखा म्हणजे नुसते बिल. आणखी एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या घरी लक्षात ठेवावी. खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली तर नुसत्या पंख्याने भागत नाही, उलट तापलेली झळ अंगावर येते. अशा वेळी ओल्या फडक्याने अंग पुसावे, आणि मग पंखा.

लग्न होऊन मी १९७६ साली सासरी आले ते सिमेंटच्या छताखाली. घर नवे, देखणे, गच्ची असलेले; सासूबाईंना त्याचा फार अभिमान. पहिल्याच उन्हाळ्यात मला कळले की, सिमेंटचे छत दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर ते आपल्या अंगावर ओतते. रात्री अकरा वाजता छताला हात लावला तर चटका बसे. आम्ही गच्चीवर पाणी मारून तेथेच अंथरुणे घालीत असू.

पुढे आमच्याकडे कूलर आला. लोखंडी पेटी, तीन बाजूंना ताट्या, आत पंखा आणि पाणी वर चढविणारा लहान पंप. नीट पाहिले तर ही जुनी वाळ्याचीच ताटी. भिस्तीच्या जागी पंप आला आणि पंखेवाल्याच्या जागी मोटर. अमेरिकेच्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी भागात हे यंत्र रूढ झाले आणि आपल्या कोरड्या विदर्भाला ते इतके मानवले की, नागपुरातल्या लोहारांनी आणि वेल्डिंगवाल्यांनी ते घरचेच करून टाकले. फाल्गुन सरला की ताट्या बदलणाऱ्यांची हाक आजही गल्लीत ऐकू येते.

कूलरच्या बाबतीत माझ्या हातून दोन चुका झाल्या, त्या येथे सांगते. पहिले दोन उन्हाळे आम्ही कूलर लावून खिडक्या घट्ट बंद करीत असू. थोड्याच वेळात खोली दमट होई, अंग चिकचिके आणि आम्ही कूलर बनविणाऱ्याला दोष देऊ. ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी लागते, हे कोणी सांगितलेच नव्हते. दुसरी चूक जिवावर बेतली असती. १९८४ च्या मे महिन्यात चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतताना मला विजेचा असा झटका बसला की मी कोपऱ्यात जाऊन पडले. पाय ओले, पेटी लोखंडी, आणि जमिनीची तार जोडलेलीच नव्हती. मी वाचले. पण विदर्भात अशा अपघातांची बातमी नाही असा उन्हाळा जात नाही, आणि त्यांत बायका आणि लहान मुले असतात. म्हणून हात जोडून सांगते: बटण बंद करून, पिन काढूनच पाणी भरा; अर्थिंग दरवर्षी तपासून घ्या; घरच्या वीजफलकात झटका बसताच पुरवठा तोडणारे उपकरण बसवा. त्याचा खर्च एका ताटीबदलापेक्षा जास्त आहे, पण जिवापेक्षा नाही. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करा, नाहीतर गारव्याबरोबर डेंग्यूचे डास पाळल्यासारखे होईल.

आता थोडा हिशेब. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉटचा. दिवसाला १६ तास धरले तर महिन्याला ३६ युनिट. आता नव्या जातीचे पंखे निघाले आहेत, ते सुमारे ३० वॉट घेतात. म्हणजे महिन्याला साधारण १४ युनिट. कूलर २०० वॉटचा धरून रोज १० तास लावला तर महिन्याला ६०. आणि दीड टनाचे वातानुकूलन यंत्र? रोज आठ तास लावले तर त्याच्या जातीप्रमाणे आणि उन्हाप्रमाणे रोजचे आठ-दहा युनिट, म्हणजे महिन्याला २४० ते ३००. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर पायऱ्यांनी चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, ३०० पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. म्हणून एक यंत्र घरात आले की नुसती त्याची वीज वाढत नाही, तर ती वाढलेली वीज वरच्या पायरीच्या दराने मोजावी लागते.

ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. आजारी माणूस, तान्हे मूल असेल तर ते लागतेच. फक्त ते समजून वापरावे. तारांकनाची पट्टी आपल्या देशात २००६ पासून सुरू झाली. विकत घेताना किमतीबरोबर तारेही मोजावीत. तापमान २० वर नेण्याऐवजी २४ वर ठेवावे. एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे सांगणे आहे. २०२० पासून नवी यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून येतात, ती आपण हाताने खाली नेतो! आणि एवढे ध्यानात असू द्यावे की, हे यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. ती आपल्या खोलीतून काढून शेजाऱ्याच्या खिडकीकडे फेकते.

या ठिकाणी मला २०१९ चा मे महिना आठवतो. आमच्या गल्लीत चार घरी पोळ्या करणाऱ्या एक बाई आहेत. नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत राहतात. त्या दिवशी चारही घरच्या पोळ्या आटोपून त्या दुपारी दीडला घरी पोचल्या आणि पत्र्याखाली जाऊन पडल्या. तासाभराने मुलीने पाहिले तर अंग भट्टीसारखे तापलेले, घाम नाही, बोलणे असंबद्ध. पोरगी शहाणी, तिने आईच्या अंगावर पाणी ओतले, पुठ्ठ्याने वारा घातला आणि शेजाऱ्यांच्या मदतीने दवाखान्यात नेले. चार दिवसांनी बाई घरी आल्या. मी भेटायला गेले. त्या पत्र्याखाली मला दहा मिनिटे बसवेना. मी सहज म्हटले, “निदान कामाच्या घरी तरी गार असते ना हो?” त्या हसून म्हणाल्या, “काकू, चारही घरी एसी आहे. पण मी पोळ्या करते तिथं नाही.”

त्या चार घरांपैकी एक माझे होते.

माझ्या आजीचे चुलीपुढचे दिवस मला त्या क्षणी आठवले. साठ वर्षांत चुलीचा गॅस झाला, ताटीचे यंत्र झाले, आणि घरातली सर्वांत तापलेली जागा आहे तिथेच राहिली. फक्त तिथे उभी राहणारी बाई बदलली. विकत घेतलेला गारवा ज्या खोलीत यंत्र असेल त्या खोलीपुरताच असतो. छतावर अडविलेले ऊन मात्र सर्वांसाठी अडते. आजारी सासऱ्यांसाठी अडते, अभ्यास करणाऱ्या मुलासाठी अडते आणि पोळ्या करणारीसाठीही अडते. माझे मत चिटणीसबाईंनी विचारले होते, ते हे आहे.

दुसऱ्या एका शहराची गोष्ट सांगते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाले, असे अभ्यासकांनी मोजले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्माघात टाळण्याचा आराखडा केला. २०१६ साली आपल्या नागपुरानेही केला. पण मला विशेष वाटले ते तेथील महिलांचे. ‘सेवा’ संस्थेच्या परिवारातून १९९४ साली उभ्या राहिलेल्या महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन छपरांना ऊन परतविणारा पांढरा रंग लावण्याचे काम केले. पांढऱ्या छपराखालच्या खोल्यांत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. गच्चीला चुना फासणे यात नवे ते काय, असे कोणी म्हणेल. नवे काही नाही, हेच तर त्याचे मोठेपण!

आमच्या गच्चीला मी २०२० पासून दरवर्षी होळी ते गुढीपाडवा या दिवसांत चुना लावून घेते. गच्ची झाडून धुवायची, भेगा बुजवायच्या, रात्रभर भिजविलेला चुना गाळून त्यात थोडा डिंक किंवा चिकटपदार्थ मिसळून दोन हात द्यायचे. पायाला लागून तो निघतो, म्हणून गच्चीवर वावर कमी ठेवायचा. पहिल्या वर्षी भिंतीवर तापमापक लावून पाहिले. दुपारचा पारा आदल्या वर्षीपेक्षा तीन अंशांनी खाली राहिला आणि रात्री छताचा चटका गेला. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदा लावला. आतून लावलेला पडदा ऊन आत आल्यावर अडवितो, बाहेरचा ते येण्याआधीच अडवितो. आजीप्रमाणे सकाळी आठला खिडक्या बंद आणि रात्री नऊला उघड्या. स्वयंपाकघरात हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला आणि पोळ्या सकाळी नवाच्या आत करण्याचा नेम केला. वरण-भात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करून जाड गोधडीत गुंडाळून ठेवते. आतल्या आत शिजतो. आता त्या बाई सकाळी माझ्याकडे सर्वांत आधी येतात आणि दहाच्या आत चारही घरे आटोपतात. वातानुकूलन यंत्र आमच्याकडे अजून आहे. ते मेच्या अखेरीस फार तर पंधरा दिवस लागते.

पत्र्याच्या घराला चुना टिकत नाही. तेथे ऊन परतविणारा पांढरा रंग लावावा, आणि आतून पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत द्यावे. आमच्या वाड्यातल्या माळ्याचे काम ते तट्टे करतात. काही जण पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या पसरतात. त्याने गारवा होतो, पण ठिणगीचे भय असते, म्हणून दाट वस्तीत मी ते सुचविणार नाही.

तर भगिनींनो, सभागृहात यंत्रे बसवू नयेत असे माझे म्हणणे नाही. आपल्यात सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळजणी आहोत, आणि भर उन्हाळ्यात सभा घ्यायची तर गारवा हवाच. पण क्रम असा असावा, अशी माझी सूचना आहे. आधी सभागृहाच्या छताला पांढरा रंग द्यावा, पश्चिमेला वाळ्याचे पडदे आणि दोन कडुनिंब लावावेत. मग एक उन्हाळा पाहून, दोन यंत्रे लागतात की एकाने भागते ते ठरवावे. आणि जे पैसे वाचतील त्यांतून नाल्यापलीकडच्या वस्तीतली छपरे करावीत. पन्नासाव्या वर्षी पन्नास छपरे, असा संकल्प केला तर तो आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. रंगाचा खर्च मंडळाचा, श्रम आपले आणि त्या घरच्यांचे. आपल्यापैकी प्रत्येकीच्या घरी पोळ्या-भांड्यांना जी बाई येते, तिच्या छपरापासून सुरुवात केली तर यादीही वेगळी करावी लागणार नाही.

मंडळ सुरू झाले तेव्हा आपण सतरंजीवर बसून, वर्तमानपत्राची घडी करून एकमेकींना वारा घालीत असू, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. शेजारणीला वारा घातला की त्यातला थोडा आपल्यालाही लागे. पुढच्या फाल्गुनात, होळीच्या दुसऱ्या दिवशी, चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन मी सभागृहाच्या गच्चीवर हजर राहीन. गुडघे दुखतात, पण जिना चढेन. ज्यांना यायचे असेल त्यांनी जुने लुगडे नेसून सकाळी सातला यावे. आठनंतर ऊन होते.